सोलापूर ते बार्शी सायकलवर, आईच्या नावाने

सोलापूर ते बार्शी अंतर साधारण ७० किलोमीटर. घाट नाही, माळरानाचे चढउतार तेवढे आहेत. आम्ही हाच रस्ता धरला, कारण शेवटच्या वर्षी आई याच रस्त्याने एसटीने जायची, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात लाईट, म्हणजे किरणोपचार, घ्यायला.

किरणोपचार आठवड्यातले पाच दिवस, असे काही आठवडे चालतात. मशीनखाली जेमतेम काही मिनिटं, बाकी सगळा दिवस रस्त्यात आणि बाकावर. छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा आखलेल्या असायच्या. त्या पुसू नयेत म्हणून आई तेवढी जागा सोडून अंघोळ करायची. माझ्या भावाचा जुना सुती सदरा ब्लाउजऐवजी घालायची आणि वरून पदर घट्ट लपेटून घ्यायची. उन्हाळ्यात बसमध्ये त्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटायची, पण आई हात वर करून खिडकीची दांडीसुद्धा धरायची नाही.

आई विडी वळायची. विडीची मजुरी हजारावर, म्हणजे ज्या दिवशी सूप मांडीवर नाही त्या दिवशी पैसा नाही. उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाले, त्याचे उपकार आहेतच. पण बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याचं तिकीट, दुपारचं जेवण कुठल्याच योजनेत बसत नाही. मधेच उपचार सोडणारी माणसं मी त्या बाकावर पाहिली आहेत, आणि कारण बहुतेक वेळा हेच होतं. म्हणून या सायकल फेरीच्या निमित्ताने लोकांकडून जमेल तो सगळा पैसा पेशंटच्या सोबतच्या माणसाच्या प्रवासासाठी आणि जेवणासाठी द्यायचा, हे आम्ही आधीच ठरवलं होतं.

पहाटे साडेपाचला निघालो. डिसेंबरात सोलापूरलाही या वेळी हात गारठतात, हातमोजे घ्याच. पहिला तास अंधाराचा आणि तोच सगळ्यात धोक्याचा. साखर कारखाने चालू असतात, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. तुमचा मागचा लाल दिवा लुकलुकता हवा आणि पुढचा झोत लांबवर पडणारा हवा. दोघं शेजारी शेजारी गप्पा मारत चालवायचं नाही, एकामागे एकच.

नान्नजला उजाडलं. हा माळढोक अभयारण्याचा भाग. माळढोक आता दिसणं मुश्कील, पण गवतात काळविटांचा कळप उभा होता आणि आम्ही सगळेच आपोआप थांबलो. पलीकडे द्राक्षबागा. थांबायचं तर टायर डांबरावरच ठेवा, कारण कडेच्या मातीत बाभळीचे काटे असतात. आमच्यातली दोन चाकं एकाच थांब्यात बसली. प्रत्येकाकडे एक जादा ट्यूब आणि सगळ्यांत मिळून दोन पंप, याहून कमी नको.

वडाळ्यानंतर वैरागपर्यंतचा टप्पा लांब वाटतो. ऊन चढलेलं असतं आणि सावली कमी. न्याहारी आम्ही वैरागला केली, घरून नेलेली कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. सायकलवर यापेक्षा चांगलं खाणं मला माहीत नाही. भाकरी पिशवीत मऊ पडत नाही, आणि चटणीतल्या मिठाने पायात गोळे येत नाहीत, असा आमचा अनुभव. शेंगापोळी मात्र शेवटच्या वीस किलोमीटरसाठी राखून ठेवा. मागून छोटा टेम्पो होता, त्यात पाण्याचे जार. दमलेल्याने त्यात बसायला संकोच करू नये. वर्गणीचा हिशेब गटाचा आहे, एकट्याच्या किलोमीटरचा नाही.

पैशाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण विश्वास इथेच मोडतो. आम्ही दर किलोमीटरला ठरावीक रक्कम अशी वर्गणी मागितली. टी-शर्ट, फलक, हार यावर रुपया घातला नाही. टेम्पोचं डिझेल आम्ही घरातून दिलं. निघण्याआधी रुग्णालयाच्या कार्यालयात जाऊन नेमकी गरज काय आहे ते विचारा, आणि देणगीदारांना थेट तिथल्या खात्यात भरायला सांगा. तुमच्या खात्यात पैसे घेऊच नका. देणगीवर आयकरात मिळणारी ८०जीची सवलत हवी असणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की २००० रुपयांच्या वर रोख दिल्यास ती मिळत नाही.

रुग्णालयाशी पोचल्यावर घोषणा नकोत. आम्ही सायकली बाहेरच लावल्या आणि आत दोघंच गेलो. पेशंटबरोबर फोटो कुणी काढू नये. आईचा एकही फोटो त्या दिवसांतला नाही, आणि तिला तेच हवं होतं. मग भगवंताच्या देवळात गेलो. पंढरीची एकादशी झाली की द्वादशीला वारकरी इथे येतात, आईलाही एकदा तसं यायचं होतं. भावाने तिच्या नावाने तुळस वाहिली.

परत येताना सायकली टेम्पोत आणि आम्ही एसटीत. त्याच दिवशी सायकलने परतायचा हट्ट करू नका, संध्याकाळी उसाची वाहतूक पुन्हा वाढते. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराच्या यात्रेमुळे सोलापुरात गर्दी असते, तेव्हा तारीख त्याआधीची धरा. कुणाला सायकल झेपत नसेल तर टेम्पोत पाणी द्यायला आणि पंक्चर काढायला माणसं नेहमीच कमी पडतात.