वेळापूरचा धावा

दिवेघाटात काही झालं नाही. खरं तर तिथेच माझे बारा वाजणार, असं निघण्याआधी ऑफिसात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. पुणे ते सासवड एका दिवसात तीस किलोमीटरच्या वर चाल, त्यात घाट. पोटऱ्या ठणकल्या, करंगळीला फोड आला, पण पहाटे पुन्हा उभा राहिलो. जेजुरी, वाल्हे, नीरेचं स्नान, लोणंद, चांदोबाचा लिंब, फलटण असं करत सदाशिवनगरच्या रिंगणापर्यंत पोचलो, तेव्हा माझी मान जरा ताठच झाली होती. वय ४७, बावीस वर्षं खुर्चीत काढलेली आणि पहिलीच वारी!

पाय गेला तो वेळापूरला.

वेळापूरच्या अलीकडे एक उतार आहे. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते पळत सुटले, अशी श्रद्धा. त्या आठवणीने माउलींच्या सोहळ्यातल्या दिंड्या हा उतार धावत उतरतात. यालाच धावा म्हणतात. खुडूस फाट्याचं रिंगण झालं, दिवसभर ऊन खाल्लेलं, दुपारी थोडं टेकून पाय आखडलेले. आमच्या दिंडीची पाळी आली आणि मी सुटलो. शाळेत शंभर मीटर पळायचो, ते नेमकं तिथे आठवलं. लांब टांगा टाकत दोन-चार पताका मागे टाकल्या असतील, तोच डाव्या मांडीला मागून कुणीतरी गोफणीने खडा मारला असं वाटलं. मी वळून बघितलंसुद्धा, कोण आहे ते. कुणीच नव्हतं. पुढचं पाऊल टेकवताच कळलं, आतलंच काहीतरी गेलंय.

मुक्कामावर सेवेकरी बसलेलेच असतात, तेलाची बाटली घेऊन. "माउली, पाय द्या." नाही कसं म्हणणार? त्या भल्या माणसाने दुखतंय तिथेच अंगठा रोवून असं चोळलं की डोळ्यांसमोर काजवे चमकले. शेवटी दिंडीतल्या पोरांनी मला धरून फिरत्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर ताईंनी पालथं झोपवलं, टाच हाताने दाबून धरली आणि म्हणाल्या, "काका, आता गुडघा वाकवा बघू." जोर लावला की कळ. "हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू. थोडे धागे तुटलेत, पूर्ण फाटलेलं नाही. चोळायचं नाही, ताणायचं तर मुळीच नाही." बर्फ रसवंतीवाल्याने दिला, उपरण्यात बांधून.

खाटेवर पडल्या पडल्या मी त्यांना पिडलं, कारण माझी एक तक्रार होती. चालून चालून पाय तयार झाले होते. वर मी योगासनांच्या क्लासला जातो, गुडघे न वाकवता बोटं जमिनीला टेकतात. मग माझाच स्नायू का तुटावा?

त्यांनी माझाच हात गुडघ्याच्या लवणीत नेला. दोन्ही कडांना दोऱ्या लागतात ना, त्या याच स्नायूंच्या. मांडीच्या मागे असे तीन स्नायू. आपण ज्या हाडावर बसतो तिथून निघतात आणि गुडघा ओलांडून खाली बांधलेले असतात. म्हणजे खुबा आणि गुडघा असे दोन सांधे एकदम सांभाळतात. बाहेरच्या कडेची दोरी ज्याची, तोच बहुतेक वेळा पळताना दगा देतो. माझाही तोच.

मला वाटायचं, स्नायू तुटतो तो जोर लावून ओढताना. तसं नाही. पळताना पाय पुढे फेकला की नडगी झोकात पुढे जाते. टाच टेकायच्या आत तिला आवरायचं काम मागच्या स्नायूचं. उतारावर गाडी सुटू नये म्हणून मागून दोर धरतात, तसं. दोर लांबतोय आणि माणूस तो आवळतोय; तुटतो तो त्याच क्षणी. चालतानाही तो हेच करतो, पण झोक कमी असतो म्हणून निभतं. दोनेक आठवडे मी त्याला चालायची सवय लावली होती. धावायची एका दिवसाचीही नाही. बोटं जमिनीला टेकणं वेगळं आणि ताणलेल्या अवस्थेत भार पेलणं वेगळं, हे ताईंनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात.

आमच्या दिंडीत परभणीकडच्या एक मावशी आहेत. सत्तरीच्या, डोक्यावर तुळस. वाकून पायाला हात लावायचा तर त्यांना गुडघ्यावर हात टेकावा लागतो. धावा त्यांनीही केला होता, मी बसलो होतो त्याच्या शेजारून. तुळशीचं पान हललं नाही. रात्री राहुटीत म्हणाल्या, "आरं बाळा, तू तर हरणावानी उड्या मारत व्हतास. पाऊल आपल्या अंगाखाली टाकावं." मग भाकरीच्या तुकड्याला पिठलं लावता लावता त्यांनी बसल्या जागी दोन बोटांनी ताटाच्या कडेवर ते पळून दाखवलं, बारीक बारीक पावलांचं. ताईंचा सगळा तास त्या ताटावर उतरला होता.

भंडीशेगावपर्यंत सामानाच्या ट्रकमधून गेलो, वाखरीलाही तसाच. लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पंढरपुरात शेवटचं थोडं चाललो, लंगडत, आणि कळसाला हात जोडून परतलो. दर्शनबारीत उभं राहणं झेपणारं नव्हतं.

साधं चालणं दहा दिवसांत जमलं, जोराने पळायला दोन महिने गेले. एकदा दुखावलेला हा स्नायू पुन्हा दुखावायला सोकावतो, म्हणून फिजिओथेरपिस्टने एक व्यायाम लावून दिलाय. गुडघ्यांवर उभं राहायचं, मागून कुणीतरी घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं. फुटबॉलपटूंमध्ये यानेच अशा दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्यात म्हणे. घरी घोट्यांवर धाकटा बसतो. पहिल्या आठवड्यात मी अर्ध्यातच उशीवर आपटायचो. आता "विठ्ठल" तीनदा म्हणेपर्यंत तग धरतो, मग आपटतो. धाकट्याला चौथा ऐकायचाय. आषाढीच्या आत जमवा म्हणतो.