रोजच्या योगात सेवा कुठे बसवायची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न नेहमीचाच: 'सकाळी तासभर आसनं, प्राणायाम होतात. त्यात सेवा कुठे घालायची, आणि घालायलाच हवी का?'

हवी. पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरं येतं. त्याआधी यम-नियम, म्हणजे इतरांशी आणि स्वतःशी कसं वागायचं ते, आणि यमांत पहिली अहिंसा. त्यांच्या योगसूत्रांच्या पहिल्या भागातलं, समाधिपादातलं, 33वं सूत्र तर माणसांशी कसं वागायचं तेच सांगतं: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाबद्दल आनंद आणि वाईट वागणाऱ्याकडे उपेक्षा ठेवली की चित्त प्रसन्न होतं. म्हणजे हाही अभ्यासच, फक्त मॅटवर न होणारा.

सुरुवात वर्गातच करा. पुण्यात अय्यंगार पद्धतीचे वर्ग भरपूर आहेत, तिथे सर्वांगासनाला खांदे ब्लँकेटच्या घड्यांवर टेकवतात आणि डोकं खाली जमिनीवर राहतं. घडीची बंद, सरळ कड मानेकडे यायला हवी. ती वाकडी असली तर एक खांदा खचतो आणि मान ताणली जाते. म्हणून वर्ग संपल्यावर सुरकुती काढून, कडा जुळवून, झालरी एका बाजूला घेऊन घडी घाला. पुढच्या वर्गात ती कोण वापरणार हे आपल्याला कळत नाही. निष्काम कर्माला याहून सोपी जागा मला तरी दिसत नाही.

मग घर आणि सोसायटी. गुडघे धरलेल्या आजींना खुर्चीतून उठवताना बहुतेक जण दोन्ही हात धरून ओढतात किंवा काखेत हात घालतात. त्याने खांदा दुखावतो आणि आजी घाबरून मागे रेलतात. आधी विचारा, 'आजी, मदत करू का?' त्यांना खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकू द्या. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, थोडी फाकवून. हात खुर्चीच्या हातांवर. छाती पुढे झुकली की वजन पावलांवर येतं आणि त्या स्वतःच उठतात. तुम्ही बाजूला उभं राहून पाठीशी तळहात ठेवा, ढकलू नका. उठल्यावर लगेच चालवू नका, चक्कर येत नाही ना ते बघा.

बिघडतं कुठे? न विचारता शिकवण्यात. रक्तदाब असलेल्या काकांना परस्पर कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, सांगणं ही सेवा नव्हे. आणि एकदम जास्त अंगावर घेण्यात. आषाढीआधी पालख्या भवानी पेठेत, नाना पेठेत मुक्कामाला आल्या की वारकऱ्यांचे पाय चेपायला कितीतरी हात पुढे येतात. सुंदरच आहे ते. पण तेच हात एरवी घरातल्या सासूबाईंच्या पायांपर्यंत पोचत नसतील, तर वर्षभराचा अभ्यास राहूनच गेला.

आठवड्यातला एकच वार धरा, अर्धाच तास, एकाच माणसासाठी. जमणार नसेल तर आदल्या संध्याकाळी फोन करून कळवा, कारण समोरचं माणूस वाट बघत बसतं.