भाच्याच्या रायफलवरची दुर्बीण

पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने यंदा तिथला शिकारीचा परवाना काढला, पहिल्या परवान्यासाठी सक्तीचा असलेला प्रशिक्षणवर्ग पूर्ण केला आणि ३०८ विंचेस्टर काडतुसाची एक साधी बोल्ट-ॲक्शन रायफल विकत घेतली. रायफल निवडताना त्याला कोणाला विचारावे लागले नाही, परंतु तिच्यावर बसवायच्या दुर्बिणीपाशी, म्हणजे स्कोपपाशी, तो अडला. त्याचा हिशेब तीनशे ते पाचशे डॉलरांचा, म्हणजे आपल्या पंचवीस ते चाळीस-पंचेचाळीस हजार रुपयांचा होता, आणि या किमतीत तिथे इतके प्रकार मिळतात की माहितीपत्रके वाचून माणूस अधिकच गोंधळतो. "मामा, तुम्ही आयुष्यभर भिंगं शिकवलीत, आता तुम्हीच सांगा," असे तो फोनवर म्हणाला. माझ्या धाकट्या बहिणीला मुलाचा हा नाद मुळीच पसंत नाही आणि तिची समजूत घालण्याच्या भानगडीत मी पडलेलो नाही; भाच्याला जे सांगितले ते मात्र इथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण त्यातले पुष्कळसे साधी दुर्बीण घेणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

आपल्याकडे रायफलवरच्या दुर्बिणीतून हरीण पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. पेनसिल्व्हेनियातील पांढऱ्या शेपटीच्या हरणांची गोष्ट निराळी आहे. त्यांची संख्या मोठी असून तिथले राज्य गेम कमिशन हंगाम ठरवून आणि परवाने देऊन त्यांच्या शिकारीचे नियमन करते. माझा स्वतःचा अनुभव सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवरच्या नान्नजच्या माळरानावर, गळ्यातल्या दुर्बिणीतून काळविटांचे कळप पाहण्याचा आहे. पण प्रकाशाचे नियम दोन्हीकडे तेच असतात, आणि हरीण तिथलेही नेमके पहाटे आणि तिन्हीसांजेलाच उघड्यावर येते.

याच गोष्टीपासून मी सुरुवात केली. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासाने सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. भर दुपारी शंभर डॉलरांची दुर्बीणही चांगले चित्र दाखवते. दुकानाच्या झगझगीत दिव्यांखाली तर सगळ्याच सारख्या वाटतात. जास्तीचे दोनशे-तीनशे डॉलर आपण मोजतो ते दिवसाच्या दोन टोकांच्या या अर्ध्या-अर्ध्या तासांसाठी, आणि म्हणून त्या वेळी काय दिसेल या एकाच प्रश्नाने निवड करावी असे माझे मत आहे. विशालन, म्हणजे दुकानदार ज्याला पॉवर म्हणतात तो आकडा, या प्रश्नाच्या उत्तरात फार खाली येतो.

आता थोडे गणित. पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला विशालनाने भागले की दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. ३-९×४० या सर्वांत रूढ प्रकारात ४० मिलिमीटरचे भिंग असते आणि विशालन तीनपासून नऊ पटींपर्यंत बदलता येते. नऊ पटींवर हा झोत ४.४ मिलिमीटर जाडीचा असतो, सहा पटींवर ६.७ आणि चार पटींवर १० मिलिमीटर. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण सात मिलिमीटरपर्यंत रुंदावते, माझ्या वयाच्या माणसाची पाचाच्या पुढे फारशी जात नाही. याचा अर्थ असा की संधिप्रकाशात भाच्याने स्कोप सहा पटींवर ठेवला तर त्याच्या डोळ्याला घेता येईल तेवढा बहुतेक सगळा प्रकाश मिळेल, आणि नऊवर नेला तर चित्र मोठे होईल पण काळवंडेल. ५० मिलिमीटरचे भिंग नऊ पटींवर ५.६ मिलिमीटरचा झोत देते, हा फायदा खरा आहे. परंतु तेवढ्यासाठी स्कोप जड होतो, रायफलच्या नळीपासून उंच बसवावा लागतो आणि मग दस्त्यावर गाल नीट टेकत नाही, डोळा शोधत राहतो. विशालन बदलणारे कडे सहावर फिरवून जे फुकट मिळते त्यासाठी हे सगळे ओढवून घेऊ नये. स्कोपची नळी एक इंचाऐवजी ३० मिलिमीटरची असली की प्रकाश जास्त येतो, हा समज तर इतका पसरलेला आहे की विक्रेतेही तो मनापासून सांगतात. जाड नळीने मिळते ती मुख्यतः नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या आतल्या समायोजनाला जास्त जागा, आणि जंगलात शंभर-दीडशे यार्डांवर नेम धरणाऱ्याला तिची गरज पडत नाही.

काही माहितीपत्रकांत 'ट्वायलाइट फॅक्टर' नावाचा एक आकडा ठळक छापलेला असतो. विशालन आणि भिंगाचा व्यास यांच्या गुणाकाराचे ते वर्गमूळ असते. त्यात काचेच्या दर्जाचा कुठेच संबंध येत नसल्याने अतिशय सुमार आणि अत्युत्तम अशा दोन्ही दुर्बिणींना तो सारखाच लागू होतो. भाच्याला मी तो वाचूच नकोस असे सांगितले.

वाचायचे ते भिंगांवरच्या लेपाबद्दल. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. स्कोपमध्ये बरीच भिंगे असतात; असे सोळा पृष्ठभाग धरले तर पलीकडे जेमतेम निम्मा प्रकाश पोहोचतो. उत्तम बहुस्तरीय लेपाने हेच नुकसान प्रत्येक पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्यावर आणता येते, आणि तेच सोळा पृष्ठभाग नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश जाऊ देतात. खोक्यावर नुसते 'कोटेड' लिहिलेले असेल तर एखाद्याच पृष्ठभागावर साधा लेप असू शकतो. 'फुली मल्टी-कोटेड' हेच शब्द असायला हवेत. त्यातही उत्पादकांच्या लेपांत फरक असतोच, पण या किमतीला हे शब्दच नसतील तर तो स्कोप परत ठेवावा.

आणि वाया गेलेला प्रकाश नुसता वाया जात नाही, हे अधिक महत्त्वाचे. तो नळीत इकडून तिकडे आपटत राहतो आणि चित्रावर दुधाळ पडदा धरतो. नान्नजला मावळतीच्या बाजूला तोंड करून कळप पाहताना हे फार स्पष्ट कळते. काळा नर कोणत्याही दुर्बिणीत दिसतो. पिवळट तपकिरी माद्या आणि पाडसे मात्र वाळलेल्या गवतात अशी मिसळून जातात की स्वस्त दुर्बिणीत कळपात एकटा नरच उभा आहे असे वाटावे, आणि चांगल्या दुर्बिणीत त्याच्या भोवतीच्या दहा-बारा पाठी हळूहळू वेगळ्या होत जाव्यात. दोन्हींचा आकडा ८×४२ च असतो. नोव्हेंबरच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातले हरीण करड्या-तपकिरी हिवाळी केसांत, तशाच रंगाच्या बुंध्यांमध्ये उभे असते. तिथे चित्र किती उजळ आहे यापेक्षा रंगाच्या दोन जवळजवळच्या छटा वेगळ्या दिसतात की नाही, यावर सगळे अवलंबून आहे. म्हणून दुकानदाराची परवानगी घेऊन संध्याकाळी दाराबाहेर यावे, समोरच्या एखाद्या झाडाखालच्या किंवा भिंतीच्या कोपऱ्यातल्या काळोख्या जागेकडे, शेजारी उजळ आकाश असताना, दोन-तीन स्कोपमधून आळीपाळीने पाहावे. चादर घेताना आपण लेबल न वाचता तिची वीण बोटांनी पाहतो, तसाच हा प्रकार आहे.

जास्त विशालनाच्या मोहाविषयी माझा पूर्वग्रह सोलापूरच्या उन्हाने घडवलेला आहे, हे मान्य करतो. एप्रिलमध्ये सकाळचे दहा वाजले की माळावरची हवा उकळू लागते आणि बारा पटींच्या दुर्बिणीत काळवीट नाही, त्याची थरथरती पट्टी दिसते. आठ पटींत निदान शिंगे मोजता येतात. पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत ही अडचण फारशी नाही, पण दुसरी आहे. दाट झाडीत हरीण तीस-चाळीस यार्डांवर अवचित समोर येते. तीन पटींवर शंभर यार्डांवरचा सुमारे तीस फुटांचा पट्टा नजरेत येतो, नऊ पटींवर बारा फुटांच्या आसपास; आणि तीस यार्डांवर तो याच प्रमाणात आक्रसून चारेक फुटांवर येतो, म्हणजे स्कोपमध्ये नुसती लव दिसते आणि तो भाग खांद्याचा की मांडीचा हे कळत नाही. म्हणून वरचा आकडा किती मोठा यापेक्षा खालचा किती लहान हे पाहावे. २-७×३३ हा प्रकार आता दुकानांत मागे पडला आहे, पण जंगलासाठी तो ३-९×४० च्या तोडीस तोड आहे, शिवाय हलका. दोनपासून बारा किंवा तीनपासून अठरा पटींपर्यंत जाणारे स्कोप याच किमतीत मिळतात खरे; पण एवढा पल्ला साधण्यासाठी आतली रचना गुंतागुंतीची करावी लागते, आणि किंमत तीच ठेवायची तर उत्पादक कुठेतरी काचेत किंवा यंत्रणेत हात आखडता घेणारच.

बाकीच्या गोष्टींपैकी पुष्कळ या कामाला अनावश्यक आहेत. बाजूला फिरणारी पॅरॅलॅक्सची चकती घ्यावी का, असे भाच्याने विचारले होते. डोळा जरा बाजूला सरकला की नेमाची फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते, तो पॅरॅलॅक्स. अशी चकती नसलेले शिकारीचे स्कोप बहुधा शंभर यार्डांसाठी जुळवलेले असतात. ४० मिलिमीटरच्या भिंगात, डोळा अगदी कडेला सरकला तरी, दोनशे यार्डांवर नेमात पडणारा फरक सुमारे वीस मिलिमीटरचा, म्हणजे इंचापेक्षाही कमी असतो. हरणाच्या छातीतला ज्या भागावर गोळी लागायला हवी तो सुमारे आठ इंचांचा धरतात. तेव्हा त्या चकतीचे पैसे काचेत घालावेत. रेटिकल, म्हणजे नेम धरायच्या फुलीच्या रेषा, साध्या असाव्यात: कडेला जाड आणि मध्यभागी बारीक. ल्युपोल्डने १९६२ मध्ये 'ड्युप्लेक्स' नावाने आणलेली ही रचना आजही संधिप्रकाशात सर्वांत आधी सापडते, कारण मधली बारीक रेषा अंधारात बुडाली तरी चार जाड टोके केंद्र दाखवत राहतात. विशालनाबरोबर रेटिकलही लहानमोठे होणारे, म्हणजे पहिल्या प्रतलातले स्कोप सध्या फार चालतात. दूरच्या लक्ष्यावर ते सोयीचे आहेत, पण तीन पटींवर त्यांच्या रेषा केसासारख्या होतात, आणि जंगलात तीन पटींवरच काम असते. मध्यभागी लाल ठिपका पेटणारे रेटिकल उपयोगी पडू शकते, पण ठिपका पुरेसा मंद करता आला तरच. नाहीतर तोच डोळ्यावर येतो.

भाचा चष्मा लावतो, म्हणून डोळा आणि स्कोप यांच्यातले अंतर, आय रिलीफ, साडेतीन इंचांहून कमी नको असे मी बजावले. ३०८ चा धक्का अवाजवी नसला तरी झाडाला टेकून वेड्यावाकड्या बैठकीत झाडलेल्या गोळीने स्कोपची कड भुवईवर आपटते आणि चष्मा असेल तर तो आधी फुटतो. आतला भाग नायट्रोजन किंवा आर्गॉनने भरलेला व सीलबंद असावा, म्हणजे उबदार खोलीतून गोठणाऱ्या थंडीत गेल्यावर भिंगे आतून धुरकटणार नाहीत. बाहेरून श्वासाची वाफ बसायची ती बसणारच.

कंपनीविषयी मी फार आग्रही नाही. ल्युपोल्ड आणि व्होर्टेक्स या दोन्ही अमेरिकी कंपन्यांची आजीवन हमी स्कोपबरोबर पुढच्या मालकाकडेही जाते, त्यामुळे वापरलेला पण वरच्या श्रेणीतला स्कोप घेणे तिथे शहाणपणाचे ठरू शकते. त्या हमीपेक्षाही मी चौकटीच्या चाचणीला महत्त्व देतो. रायफल पक्की टेकवून एक गोळी झाडायची, मग त्याच खुणेवर नेम ठेवून समायोजनाची खुंटी वीस टिचक्या उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली अशी फिरवत प्रत्येक वेळी गोळी झाडायची. पाचवी गोळी पहिलीच्या भोकापाशी यायला हवी. एक टिचकी कोनाच्या पाव मिनिटाची (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट), म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंचाहून किंचित जास्त, म्हणून चौकटीची बाजू सव्वापाच इंचांच्या आसपास भरायला हवी. ती भरत नसेल किंवा पाचवी गोळी भलतीकडे गेली तर स्कोप परत करावा; मात्र त्याआधी स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू तपासावेत, कारण स्कोपच्या नावावर खपणारे बरेच दोष सैल कड्यांचे असतात.

एका मुद्द्यावर मात्र मी हट्ट धरला. पाचशे डॉलर सगळे स्कोपवर न घालता दीडशे-दोनशे डॉलर ८×४२ च्या साध्या दुर्बिणीसाठी बाजूला काढायचे. झाडीत काहीतरी हलले की ते काय आहे हे स्कोपमधून पाहणे म्हणजे भरलेली रायफल त्या दिशेला रोखणे होय, आणि ते हलणारे दुसरा शिकारीही असू शकतो. पेनसिल्व्हेनियात रायफलच्या हंगामात अंगावर किमान २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड सक्तीचे आहे ते याच कारणाने. ओळख पटवण्याचे काम गळ्यातल्या दुर्बिणीने करायचे आणि ती पूर्ण पटल्यावरच रायफल खांद्याला लावायची.

तीनशे डॉलरांच्या आतबाहेरचा ३-९×४०, साधे रेटिकल, चकत्या-बिकत्या काही नाहीत, आणि उरलेल्या पैशांत दुर्बीण, असे शेवटी ठरले. २-७ चा आग्रह मी सोडला, कारण तो त्याच्या गावाजवळ मिळेना आणि न पाहता मागवू नकोस असे मीच सांगितले होते. आता त्याने ज्या वजनाच्या गोळीने शिकार करायची त्याच काडतुसांची दोन-तीन खोकी एकदम घेऊन ठेवावीत आणि हंगामापूर्वी त्यांनीच शंभर यार्डांवर स्कोप जुळवावा, कारण गोळीचे वजन बदलले की तोच स्कोप, तोच नेम असूनही गोळी लागण्याची जागा बदलते.