वंशावळीत नसलेली पणजी

जात पडताळणीच्या वेळी आमच्या घरात एक वंशावळ तयार झाली. तिच्यात एकही बाई नाही. आजोबांचे वडील आहेत, त्यांचे भाऊ आहेत, त्यांतला निपुत्रिक वारलेला एकही आहे. आजोबांची आई तेवढी नाही. तिच्याबद्दल घरात एकच वाक्य ऐकू यायचं: नवराबायको दोघंही मानमोडीत गेली. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्ल्युएंझाची साथ. त्या साथीत माणसं इतकी गेली, की कुणाच्याही पूर्वजाबद्दल हे वाक्य खपून जातं. मला ते खपेना, कारण सांगणाऱ्यांपैकी कुणालाच तिचं माहेर सांगता येत नव्हतं.

सुरुवात केली कोतवाल बुकापासून. गाव नमुना 14, गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. जुनी बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. 2023 पासून कुणबी नोंदी शोधण्याचं काम निघालं, तेव्हा बऱ्याच जिल्ह्यांनी ही पानं स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवली, त्यामुळे आता पुष्कळ काही घरबसल्या पाहता येतं. अडचण मोडी लिपीची. मोडीत शब्द सुटे नसतात, ह्रस्वदीर्घाचा भेद नसतो, आणि प्रत्येक लिहिणाऱ्याचं वळण वेगळं. पण अशा शोधासाठी सगळी मोडी यायलाच हवी असं नाही. आपलं आडनाव, गावाचं नाव, महिने, नात्याचे शब्द आणि ताप, पटकी (कॉलरा) असे चार आजार ओळखता आले की पानं चाळता येतात. अडलेलं पान जाणकाराला दाखवावं.

पणजोबांचा मृत्यू सापडला. ऑक्टोबर 1918, कारण ताप. पणजीचा सापडला नाही. बाईला तिच्या नावाने शोधून उपयोग नसतो, ‘अमक्याची बायको’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून मी नवऱ्याच्या नावावर बोट ठेवून पुढची पानं पाहिली. नाहीच. अर्थात नोंद नाही म्हणून माणूस जिवंत, असं धरता येत नाही. त्या दिवसांत नोंद लिहिणाराही अंथरुणाला खिळलेला असू शकतो.

पुढे कामाला आली ती जमीन. ज्यांच्याकडे थोडीफार का होईना जमीन होती, त्यांनी सगळ्यात आधी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, काढाव्यात असं माझं मत झालं आहे. जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात जो आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. त्यावरून मागच्या फेरफारावर जायचं, तिथून आणखी मागे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीची सुरुवात 1903 च्या कायद्याने झाली, त्यामुळे आपल्या पणजोबांपर्यंत ही वाट बहुतेक पोचते. मधे एक खड्डा आहे: जमिनींच्या एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कुठला सर्व्हे कुठल्या गटात गेला हे जुळवल्याशिवाय मागे जाता येत नाही. बरेच जुने फेरफार आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. आम्हाला हवं होतं ते पान तिथे नव्हतं. नकलेसाठी अर्ज केला, तर आधी सांगितलं की गठ्ठा जीर्ण आहे, नंतर सांगितलं की गठ्ठाच नाही. पुढे तो दुसऱ्या गावाच्या गठ्ठ्यात बांधलेला निघाला. मी तो हातात घेतला तेव्हा कागदाचे कपटे मांडीवर पडत होते.

साथीच्या पुढच्याच वर्षीचा वारसाचा फेरफार. मयत पणजोबांचं नाव कमी, वारस मुलगा अज्ञान, अ.पा.क. आई, आणि पुढे तिचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयाने सज्ञान नसलेल्या मुलाचा पालक. म्हणजे मानमोडीत ती गेली नव्हती. खाली जबाबात तिच्या नावापुढे ‘नि. बांगडी’ असं लिहिलेलं आणि एक छोटंसं वर्तुळ काढलेलं. सही न येणाऱ्या बाईची निशाणी बांगडी, कुणब्याची नांगर, ही जुनी रीत. तेव्हापासून माझ्यापुरती ती खरी झाली.

नंतरच्या काही वर्षांत आणखी एक फेरफार. आईच्या नावाला कंस, म्हणजे नाव कमी केलेलं, पालनकर्ता म्हणून चुलत्याचं नाव, आणि कारण एका ओळीत: आईने पाट लावल्याने. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न.

मी ती ओळ घरी वाचून दाखवली तेव्हा कुणी काही बोललं नाही. मग थोरल्या काकू म्हणाल्या, “आता हे कशाला काढलंस?” म्हणजे त्यांच्या कानावर काहीतरी होतंच.

कायदा नीट वाचल्यावर घरच्या गोष्टीचा धागा दिसला. 1856 च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याने लग्नाला परवानगी दिली, पण त्याच्या दुसऱ्या कलमात असं होतं, की पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतले तिचे हक्क, जणू ती त्या क्षणी मरण पावली असावी तसे, संपतात. ज्या जातींत पाटाची रीत आधीपासून होती त्यांनाही मुंबई हायकोर्टाने हेच लागू धरलं. मुलगा असल्यामुळे जमीन तशीही तिची नव्हती. तिच्याकडे होतं ते पालकपण आणि अन्नवस्त्राचा हक्क. दोन्ही गेलं. आमच्या लोकांनी तिला साथीत मारलं म्हणून त्यांना नावं ठेवण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवं की सरकारदप्तरी तेच झालं होतं.

नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वहीत आजोबांच्या त्या चुलत्याचा लेख मिळाला, शके 1846 चा, म्हणजे 1924 च्या सुमाराचा. श्राद्धात आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यावी लागतात, त्यामुळे या वह्यांत बायका इतर कागदांपेक्षा जास्त भेटतात. या लेखात चुलत्याची वारलेली पहिली बायकोही आहे. भावजय नाही. एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, पण ती मेलेली नाही हे लिहून देणाऱ्याला माहीत होतं, असं मला वाटतं.

माहेर सापडलं ते आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे थोरल्या मुलाचं जन्मस्थळ म्हणजे बहुधा आईचं गाव. आईचा स्वतःचा कागद मिळत नसेल तर मुलाच्या शाळेचा रकाना बघा, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

त्या गावात आडनाव माहीत नसताना गेले. विचारत विचारत एका आजींपर्यंत पोचले, पणजीच्या भावाच्या घरातल्या. “थोरल्या आत्या व्हय? त्यांचं पयलं घर बुडालं नव्हं का. मग दुसरीकडं दिल्या,” त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या सासरचं गाव, आडनाव सगळं धडाधड सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. लाज काय ती आमच्याच बाजूला होती.

तिसऱ्या गावात पुन्हा फेरफार. दुसरा नवरा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारला, म्हणून वारसांत मुलांमुलींबरोबर पत्नी म्हणून तीही आहे, स्वतःच्या हक्काने. तिचं नाव कमी झालं ते साठच्या दशकात. तोवर आजोबा पन्नाशीकडे झुकलेले, माझे वडील शाळेत. दोन गावांत एसटीने तासा-दीड तासाचं अंतर. वडील सांगतात, आजोबा दर वर्षी त्या बाजूच्या बाजाराला बैल बघायला म्हणून जायचे आणि बैल काही आणायचे नाहीत. मला ही आठवण फार आवडते. नेमकी म्हणूनच मी ती पुराव्यात धरत नाही.

तिच्या त्या घरी गेले तेव्हा पहिला प्रश्न आला, “हिस्सा मागायला आलाय का?” जुने कागद घेऊन कुठल्याही दारात उभं राहिलं की हे ऐकायची तयारी ठेवावी. नाही म्हटलं, फेरफारांच्या नकला पुढे ठेवल्या, चहा झाला. तिचा तिकडचा नातू माझ्या वडिलांपेक्षा थोडा लहान. आजीचं आधी एक लग्न झालं होतं, एक मुलगा मागे राहिला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी बांगडीच्या निशाणीच्या पानाचा फोटो काढून घेतला. निघताना म्हणाले, ताई, आमच्या थोरल्या आत्या अजून आहेत, त्यांना मी सवडीने सांगेन, तोवर नाव कुठे लिहू नका. म्हणून इथे ते लिहिलेलं नाही.