फळ्यावरचे बंदुकीचे गणित, कक्षेत

सुवर्णमहोत्सवी अंकात आठवणी लिहायच्या असतात, मान्य. पण नववीच्या फळ्यावरचे बंदुकीचे गणित उत्तरापाशीच थांबायचे. त्याच्या पुढचे इथे लिहितो. गोळीचा संवेग पुढे, तेवढाच बंदुकीचा मागे. हा मागचा संवेग खांद्यातून, पायांतून जमिनीत जिरतो. कक्षेत जिरायला जमीनच नसते.

सोव्हिएत संघाने कक्षेत तोफ डागून पाहिली. जून 1974 मध्ये सोडलेले साल्युत-3 नावाला नागरी, प्रत्यक्षात ‘अल्माझ’ या लष्करी मालिकेतले अवकाशस्थानक. त्याच्यावर तोफ होती. 24 जानेवारी 1975 रोजी, आत कोणी नसताना, जमिनीवरून हुकूम देऊन ती डागली. (हवेशिवाय दारू पेटते कशी? लागणारा ऑक्सिजन दारूच्या रसायनातच असतो.) तोफ स्थानकाला पक्की जखडलेली, त्यामुळे नेम धरायचा तर अख्खे स्थानक वळवायचे.

गोळा 200 ग्रॅमचा, वेग सेकंदाला 690 मीटर आणि स्थानक साडेअठरा टनांचे धरू. एका गोळ्यामागे स्थानकाच्या वेगात सेकंदाला साडेसात मिलिमीटरचा फरक. किरकोळच! पंचाईत होते ती गिरकीची. नळीची रेषा वस्तुमानकेंद्रापासून मीटरभर जरी बाजूला असली, तरी दहा गोळ्यांत साडेचौदा मीटर लांबीचे हे धूड, ढोबळ हिशेबाने, मिनिटाला 15 अंश फिरू लागते. नेम गेलाच. म्हणून तोफेबरोबर इंजिनेही चालवावी लागतात. शिवाय नळी निववायला वारा नाही. उष्णता प्रारणानेच, सावकाश बाहेर पडते.

आता गोळ्याचे काय होते ते पाहू. कक्षा 270 किलोमीटर उंच धरली, तर मागे झाडलेला गोळा अर्धी फेरी व्हायच्या आत वातावरणात शिरतो. पुढे झाडलेला 3,300 किलोमीटरपर्यंत चढून 122 मिनिटांनी झाडल्या जागी येतो; स्थानकाची फेरी 90 मिनिटांची, ते केव्हाच पुढे निघून गेलेले असते. कक्षेला काटकोनात, बाजूला झाडलेला मात्र चिवट. तो दर फेरीला त्याच जागी येतो, फक्त मिनिटभर उशिरा. विरळ हवेने आणि पृथ्वीच्या फुगवट्याने वाट बिघडवली नाही, तर असा मागे पडत पडत सुमारे 83 फेऱ्यांनी, पाच दिवसांनी, तो पुन्हा स्थानकाच्या वाटेत येतो. टक्करीचा वेग तोच, सेकंदाला 690 मीटर.