बर्फावरची धाव आणि हाकोन राजाची बिअर

ऑस्लोत सध्या सूर्य सव्वानऊच्या सुमारास उगवतो आणि तीन वाजून गेले की गायब. आज ऑफिस सुटल्यावर कपाळाला दिवा बांधून सोंग्नस्वान तळ्याला चक्कर मारली, साधारण सव्वातीन किलोमीटर. खाली घट्ट बर्फ. अशा वेळी लांब ढांगा टाकायच्याच नाहीत. टाच शरीराच्या पुढे पडली की घसरलीच. पाऊल कमरेच्या बरोबर खाली, छोटं, पटापट, मिनिटाला १७०-१८० च्या आसपास. गुडघेही दुवा देतात.

सोबतचा नॉर्वेजियन मित्र धावता धावता 'यूल'चं सांगत होता (बोलता येतंय म्हणजे वेग बरोबर!). हा सण इथे ख्रिस्ती धर्म यायच्या आधीचा, भर हिवाळ्यातला. १० व्या शतकात हाकोन राजाने तो नाताळच्या तारखेला आणला आणि फर्मान काढलं: प्रत्येकाने माल्टची बिअर गाळायची, नाहीतर दंड! निदान स्नोरी या आइसलँडच्या इतिहासकाराने १३ व्या शतकात तसं लिहून ठेवलंय. नाताळचं झाडही तेवढंच जुनं म्हणून खपवतात, ते मात्र मला पटत नाही. त्याच्या नोंदी १६ व्या शतकातल्या, जर्मन मुलखातल्या.

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "मग तू गाळणार की दंड भरणार?" शनिवारी माल्ट आणतोय.