आमची वाटचाल: वहीतून फळ्यावर

आमचा छापखाना सांगलीच्या गावभागातला. वडिलांनी एका मिनी ऑफसेटवर सुरू केला. बिलबुकं, लग्नपत्रिका, गणपतीची पावतीपुस्तकं. माझ्याकडे कारभार आल्यावर आम्ही हळद आणि बेदाण्याच्या पॅकिंगकडे वळलो. मशीन वाढलं, माणसं वाढली. कुठलं काम कधी करायचं, ते मात्र माझ्या डोक्यात आणि खिशातल्या वहीत.

फेब्रुवारी ते मे म्हणजे आमची कसोटी. नवी हळद, नवा बेदाणा, वर लग्नसराई. फोन आला की मी "परवा देतो" म्हणून मोकळा. माझा परवा कुठला, हे मशीनवरच्या मामांना ठाऊक नसायचं. २०१७ च्या हंगामात एका दुपारी तीन गिऱ्हाइकांचे तीन टेम्पो दारात लागले. छापून झालं होतं एकाचंच, त्याचंही पंचिंग, म्हणजे छापलेला पुठ्ठा डब्याच्या आकारात कापणं, राहिलेलं. त्याच आठवड्यात सहा बाय चारचा पांढरा फळा आणला.

मामा म्हणाले, "मालक, शाळा काढताय काय?"

पहिला महिना शाळाच भरली. मी रोज सकाळी टापटीप अक्षरात लिहायचो, बघायचं कुणी नाही. बघणार कसे? फळा माझ्या केबिनमध्ये! मग तो मशीन आणि पंचिंगच्या मधल्या भिंतीवर ठोकला. पाच रकाने पाडले: डिझाइन, प्रूफ (गिऱ्हाइकानं मंजूर करायचा नमुना), छपाई, पंचिंग-पेस्टिंग (कापणं आणि चिकटवणं), गेला.

पंधरा दिवसांत जे दिसलं ते वहीत कधीच दिसलं नव्हतं. प्रूफच्या रकान्यात अकरा कामं, छपाईच्या रकान्यात एक. मी दुसऱ्या मशीनच्या कर्जासाठी बँकेत खेटे घालत होतो आणि इथं पहिलंच मशीन मोकळं उभं राहत होतं! अडत होतं ते गिऱ्हाइकाच्या होकारापाशी. मग नियम केला, प्रूफमध्ये पाचच कामं. सहावं आलं की डिझाइनवाल्या पोरीनं नवं काम घ्यायचं नाही, प्रूफ घेऊन थेट पेढीवर जायचं, सही आणायची. पुण्यात मोटारीच्या कारखान्यात असलेला माझा भाचा हसला. म्हणाला, "मामा, हे तर टोयोटाचं कानबान." टोयोटात ताइइची ओनो यांनी ही पद्धत बसवली, पुढच्या टप्प्यानं मागितल्याशिवाय मागच्यानं माल ढकलायचा नाही. आम्हाला ते टेम्पोवाल्यांनी शिकवलं. कर्जाचा अर्ज मागे घेतला.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. कागदाचा सगळा साठा गेला, मशीनची मोटार गेली, त्यावर जास्त बोलावंसं वाटत नाही. फळ्याची मागची फळी पाणी पिऊन पापडासारखी फुगली. तसाही तो मेलामाइनचा होता, दोन वर्षांत पृष्ठभाग झिजून जुन्या अक्षरांची सावली राहू लागली होती. दुसरा घेताना पत्र्यावर काचेसारखा मुलामा चढवलेला घेतला. महाग पडला, पण डाग धरत नाही आणि चुंबक चिकटतो. आता कामांची नावं चुंबकाच्या पट्ट्यांवर आहेत, पुसायचं नाही, नुसतं सरकवायचं. (कुणी कायमच्या मार्करनं लिहिलंच तर घाबरू नका. त्यावर साधा फळ्याचा मार्कर गिरवा आणि लगेच पुसा. त्यातल्या द्रावकानं खालची शाईही सुटते.)

नियोजनासाठी आणलेल्या फळ्याचा खरा उपयोग कळला तो त्याच्या उजव्या कोपऱ्यात. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून व्यापाऱ्यांना 'सांगली' दिसणारं पाकीट हवं झालं. आमचे एक जुने गिऱ्हाईक, अण्णा, त्यासाठी यायचे. संगणकावर डिझाइन दाखवलं की म्हणायचे, "बरं हाय की. पिवळा जरा गडद करा." पाच प्रूफं झाली, पिवळा गडद होत गेला, अण्णा काही खूश होईनात. पडद्यावरचं चित्र इतकं पूर्ण दिसतं की माणूस फक्त रंगाबद्दल बोलतो. मी त्यांना फळ्यापाशी नेलं आणि हातात मार्कर दिला. आधी लाजले. मग एक वाकडी आकृती काढली, तोंड अरुंद, पोट मोठं.

"हे काय, अण्णा? घागर?"

"पेव हो! हरिपूरचं पेव. आमच्या वडलांची हळद त्यातच असायची."

पोरीनं पेव कधी पाहिलं नव्हतं. अण्णांनी तिला सगळं सांगितलं, जमिनीखालचा खड्डा, अरुंद तोंडातून आत उतरणारा माणूस, २००५ च्या पुरात पाणी शिरून खराब झालेली पेवं. ती ऐकता ऐकता काढत होती, पुसत होती, परत काढत होती. अर्ध्या तासात डबा उभा राहिला.

तो गोल पोटाचा डबा पेस्टिंगला फार महागात गेला. दुसऱ्या खेपेला चौकोनीच केला, वर पेवाचं चित्र ठेवलं. तेच अजून चालतं. उजवा कोपरा आम्ही आता कामाच्या यादीला देत नाही. त्याला 'अण्णांचा कोपरा' म्हणतात. अण्णा आले की चहा येईपर्यंत तिथं काहीतरी काढून ठेवतात, आणि पुसायला गेलं तर मामा ओरडतात.